बेसवाल्याची फाईल

फोन आला तेव्हा लिफ्टचा निवृत्त मेकॅनिक स्वयंपाकघरात मिक्सर उघडून बसला होता. मिक्सर बिघडलेला नव्हता. बायकोला जाऊन सात महिने झाले होते, आणि या सात महिन्यांत घरातली न बिघडलेली एकेक वस्तू त्याने उघडून, पुसून, परत बंद केली होती.

"भावोजी, मी बोलतेय," पलीकडून दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्या बायकोच्या कॉलेजपासूनच्या मैत्रीण. "मेळावा सहा आठवड्यांवर आलाय. तिच्याकडची फाईल हवी होती."

"कसली फाईल?"

"असं काय करता? बेसवाल्याची."

कसली ते त्याला पक्कं माहीत होतं. बायकोचे दोन संसार आहेत, असं तो लग्नापासून म्हणत आला होता. एक त्याच्याबरोबरचा, आणि दुसरा चौकडीबरोबरचा. चौकडी म्हणजे ऐंशीच्या दशकात गाजलेला चार पोरांचा बँड. हे काही त्यांचं छापील नाव नव्हे, चाहत्यांनी लाडाने ठेवलेलं. मेकॅनिक त्यात आणखी 'चांडाळ' घालायचा. एक गाणारा, एक गिटारवाला, एक ड्रमवाला आणि एक बेस गिटारवाला, म्हणजे खालचे, जड सूर धरणारा. सहा वर्षं वाजवलं, पाच रेकॉर्डी काढल्या आणि चौघे चार दिशांना गेले. बँड मोडला, पण चाहते मोडले नाहीत. दरवर्षी एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये पन्नास-साठ जण जमायचे, आणि पुढे चार खुर्च्या मांडून ठेवायचे. रिकाम्या. प्रत्येक खुर्ची चौघांपैकी एकाची, आणि त्या एकाला सांभाळणारं माणूस ठरलेलं. सांभाळायचं म्हणजे त्याची फाईल ठेवायची आणि मेळाव्यात त्याच्या खुर्चीमागे उभं राहून यंदा त्याने काय केलं ते सांगायचं.

सांगण्यासारखं भरपूर असायचं, हे मेकॅनिकलाही नाकारता येत नव्हतं. गाणाऱ्याचं नाव तर पोराटोरांच्या तोंडी होतं. साठी उलटली तरी त्याचं नवीन गाणं आलं की लोक अजून रस्त्यात थांबून ऐकत, आणि आवाज दोन वेळा बसला तेव्हा त्याने दोन्ही वेळा नव्याने शिकून तो उठवला होता. त्याची फाईल डॉक्टरीणबाईंकडे. गिटारवाला सिनेमांना संगीत द्यायचा. त्याची फाईल एका बस ड्रायव्हरकडे, आणि त्या ड्रायव्हरला गिटारवाल्याच्या चौतीस सिनेमांतला प्रत्येक तुकडा तोंडपाठ. ड्रमवाल्याने शाळा काढली होती. आज जो कुणी बरा ड्रम वाजवतो तो एकतर त्याच्या हाताखाली शिकलेला, नाहीतर त्याच्या शिष्याच्या. त्याला एक शाळामास्तरीण सांभाळायची.

राहिला बेसवाला. ड्रमशेजारी उभं राहून राहून त्याचा एक कान गेला. बँड मोडल्यावर तो परत कधी स्टेजवर चढला नाही. एका लहानशा गावातल्या हॉस्पिटलात, ऐकू न येणाऱ्या मुलांच्या कानाला मशीन बसवायचं काम तो करत होता. पेपरात एक ओळ नाही, टीव्हीवर एक मिनिट नाही. त्याची फाईल घ्यायला कुणी तयार नव्हतं, तेव्हा मेकॅनिकच्या बायकोने हात वर केला होता.

"मग द्या ना दुसऱ्या कुणाला तरी," मेकॅनिक फोनवर म्हणाला.

"कुणाला देऊ? गाणाऱ्याची मागायला रांग लागेल. याचं सांगणार काय? तीच कुठूनतरी बातमी आणायची. दरवर्षी एक छोटीशी गोष्ट, पण अशी सांगायची की माणसं डोळे पुसायची नाहीतर पोट धरून हसायची. कुठून आणायची ते आम्हाला शेवटपर्यंत सांगितलं नाही. नियम तुम्हाला ठाऊक आहे. ज्याची वर्षभराची काही खबर नाही त्याची खुर्ची मिटायची आणि भिंतीला लावायची. एकतीस वर्षांत एकही मिटली नाही आम्ही. यंदा मिटावी लागेल असं दिसतंय."

मेकॅनिक हातातल्या स्क्रूकडे बघत राहिला. हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात बायको एकदा म्हणाली होती, "अहो, माझ्या खुर्चीचं काय होईल?" त्याला वाटलं, जेवायच्या टेबलाची. "आहे तिथेच आहे," असं तो म्हणाला होता. ती हसली होती. का हसली ते आत्ता त्याच्या ध्यानात आलं.

"फाईल माझ्याकडेच राहू द्या," तो म्हणाला. "बातमी मी आणतो."

"तुम्ही? भावोजी, तुम्हाला त्यांचं एक गाणं तरी येतं का?"

"नाही. पण लिफ्ट कुठे अडकली ते शोधायला गाता यावं लागत नाही."

फाईल कपाटात साड्यांच्या खाली सापडली. उघडली, तर आत नुसती पोस्टकार्डं. एकतीस वर्षांची एकतीस, आणि प्रत्येकावर एक-दोन ओळी. अक्षर बारीक, सरळ. त्याने चष्मा लावून वाचायला घेतलं.

'नाही, आईने शिवला होता.'

'हो, पण फक्त पावसाळी चपला घालून.'

'तिसऱ्या रेकॉर्डवर. अजून कुणाला कळलेलं नाही, तुम्हीही सांगू नका.'

'सात. आठवा खोटा आहे.'

मेकॅनिकने डोकं खाजवलं. सगळी उत्तरंच उत्तरं, प्रश्नांचा पत्ता नाही. प्रश्न अर्थातच पत्रातून तिकडे गेलेले. बायकोने काय विचारलं होतं, ते विचारायला आता बायको नव्हती. एकोणीस नंबरच्या कार्डावर तर होतं: 'त्यांना सांगा, त्यांचं बरोबर आहे. ऐकू आला असता तर माझं चुकलं असतं.' कुणाचं बरोबर, काय ऐकू आलं, कशाचा काही मेळ लागेना.

पत्ता फाईलच्या आतल्या बाजूला होता. त्याने त्याच दुपारी पत्र लिहिलं. आता पत्र लिहायचं म्हणजे त्याला जन्मात एकच रीत माहीत. चाळीस वर्षं लिफ्टची तपासणी करून अहवाल भरलेले. निवृत्त होताना कोऱ्या फॉर्मांचं एक पॅड घरी आलं होतं, त्यातलाच एक कागद त्याने घेतला. वर लिहिलं: 'सदर बाई सात महिन्यांपूर्वी वारल्या. मी त्यांचा पती. खुर्ची चालू स्थितीत ठेवण्यासाठी खालील माहिती हवी.' आणि खाली बारा प्रश्न, नंबर टाकून. सध्या काम कुठे. प्रकृती. कान, डावा की उजवा. गिटार शिल्लक आहे काय, असल्यास स्थिती. वर्षभरातली ठळक कामगिरी. आवाज, कंपन, इतर तक्रारी. शेवटी छापील 'शेरा' होता, तो तसाच कोरा ठेवला. सही केली, जुन्या सवयीने हुद्दाही लिहिला, आणि पाकीट पेटीत टाकून आला. कितीतरी दिवसांनी त्या दिवशी त्याला दोन घास जास्त गेले.

रविवारी लेक आली. जेवताना त्याने तिला सगळं सांगितलं, जरा ऐटीतच. लेकीचा घास हातातच राहिला.

"बाबा, तुम्ही त्याला तपासणीचा फॉर्म पाठवलात?"

"मग? मुद्देसूद होतं सगळं."

"बारा प्रश्न?"

"तेरा होणार होते, जागा पुरली नाही."

लेकीने कपाळाला हात लावला. "अहो बाबा, आई वर्षाला एकच प्रश्न विचारायची. एकच. तो ठरावच होता त्यांचा. बँड मोडला तेव्हा पेपरवाल्यांनी त्याचं डोकं खाल्लं होतं प्रश्न विचारून विचारून. तुझा कान गेला, कसं वाटतं; बाकीचे मोठे झाले, तू मागे राहिलास, कसं वाटतं. तेव्हापासून तो कुणालाच उत्तर देत नाही. चाहत्यांच्या दुसऱ्या एका गटाने त्याला प्रश्नांची यादी पाठवली होती, त्याने पाकीट न उघडता परत केलं. आई मात्र वर्षभर विचार करायची, यंदा काय विचारू म्हणून. भाजी निवडताना, बसमध्ये. मी लहान असताना तिकिटं मीच चिकटवायचे, म्हणून मला माहीत."

"मला नाही कधी बोलली."

"तुम्ही चांडाळचौकडी म्हणायचात ना."

मेकॅनिकने ताट पुढे सारलं. त्याच्या कामात एक चूक माफ नसते. दोर तपासायचे राहिले तर माणसं मरतात. इथे बायकोने एकतीस वर्षं हळूहळू ओढत आणलेला धागा त्याने एका दुपारी बारा नंबर टाकून तोडला होता, आणि वर हुद्दा लिहून सही केली होती.

"दुसरं पत्र टाकू का? चुकलं म्हणून?"

"म्हणजे तेरावा प्रश्न," लेक म्हणाली, पण मग त्याच्या तोंडाकडे बघून तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. "राहू द्या बाबा. येईल तसं बघू."

पुढचे दिवस त्याने जिन्याखालच्या पत्रपेटीशी काढले. पोस्टमन आला की हा दारात. तिसऱ्या दिवसापासून पोस्टमन लांबूनच मान हलवायला लागला. दोन आठवडे, तीन, चार. विजेचं बिल आलं, चष्म्याच्या दुकानाची जाहिरात आली.

वेळ जाईना म्हणून त्याने बायकोचा रेकॉर्ड प्लेअर काढला. उघडला, पुसला, आणि कधी नव्हे ते त्यावर रेकॉर्ड लावली. ही गाणी त्याने भिंतीपलीकडून हजारदा ऐकली होती, पण समोर बसून एकदाही नाही. गाणाऱ्याचा आवाज आला, आणि खोटं कशाला बोला, अंगावर काटा आला. बावीस वर्षांच्या पोराचा आवाज, पण म्हाताऱ्या माणसाला समजून घेईल असा. गिटार आली, ड्रम आला. बेस काही सापडेना. बायकोशी तो याच गोष्टीवरून भांडायचा. "तुझा तो चौथा वाजवतो तरी का? मला तर काही ऐकू येत नाही." ती म्हणायची, "तुम्ही कानाने ऐकता, म्हणून."

मग त्याने त्याला जे येतं ते केलं. मोटरचा आवाज संशयाचा वाटला की मेकॅनिक माणूस कान लावत नाही, मोटरच्या अंगावर तळहात ठेवतो. त्याने स्पीकरच्या खोक्यावर हात ठेवला. आणि तो तिथे होता. शांत, एका चालीने, कुठे न चुकता. गाणारा वर चढला की हा खाली उतरायचा, गिटार इकडेतिकडे धावली की हा जागेवर थांबायचा. मेकॅनिकने सुई उचलली, परत मागे ठेवली, परत ऐकलं. लिफ्टच्या दोरांच्या दुसऱ्या टोकाला लोखंडी वजन असतं, त्याला काउंटरवेट म्हणतात. आत बसलेल्या माणसाला ते जन्मात दिसत नाही. लिफ्ट वर जाते तेव्हा ते खाली येतं, लिफ्ट खाली येते तेव्हा ते वर जातं. ते काढलं तर मोटर कितीही दणकट असो, जळून जाईल. त्याने त्या दिवशी पाचही रेकॉर्डी तशाच ऐकल्या, खोक्यावर हात ठेवून.

मेळाव्याच्या दोन दिवस आधी पोस्टमनने लांबून मान हलवली नाही. जाडजूड पाकीट होतं. मेकॅनिकने ते टेबलावर ठेवलं, हात धुतले, आणि लेकीला फोन करून बोलावून घेतलं. एकट्याने उघडायचा धीर झाला नाही.

वर त्याचाच फॉर्म होता, भरलेला. तेच बारीक, सरळ अक्षर. कान: डावा गेला, उजवा साठ टक्के. गिटार: आहे, दोन तारा नाहीत, भिंतीवर टांगली आहे, पाहुणे धूळ पुसतात. ठळक कामगिरी: चव्वेचाळीस मुलांना मशीन बसवलं, त्यातल्या एकीने आयुष्यात पहिल्यांदा आवाज ऐकला, तो माझ्या शिंकेचा. बाराच्या बारा रकाने भरलेले. आणि खाली शेऱ्यात लिहिलं होतं: 'फॉर्म एक आहे, म्हणून प्रश्न एकच धरला आहे.'

लेक हसता हसता रडायला लागली. मेकॅनिकने पाकिटात परत हात घातला. दोऱ्याने बांधलेला पत्रांचा गठ्ठा निघाला. बायकोचं अक्षर. वर एक चिठ्ठी: 'बाईंचे प्रश्न. तुम्ही पाहिलेले नसतील, असं वाटलं. वाचून झाले की परत पाठवा. ते माझे आहेत.'

दोघं बापलेक फाईल आणि गठ्ठा शेजारी ठेवून बसले. प्रश्न तिकडून, उत्तर इकडून. 'पहिल्या कार्यक्रमातला तो हिरवा शर्ट विकत घेतलेला का?' 'नाही, आईने शिवला होता.' 'तुम्हाला पोहता येतं का?' 'हो, पण फक्त पावसाळी चपला घालून.' एकोणीस नंबरला मेकॅनिकने स्वतःच वाचलं: 'आमचे हे म्हणतात, गाण्यात बेस ऐकूच येत नाही. त्यांना खोटं कसं पाडू?'

"सांगा, त्यांचं बरोबर आहे," लेक म्हणाली. "म्हणजे तुमचं, बाबा."

"मला सांगितलं नाही तिने."

"तुम्ही जिंकलात हे कशाला सांगेल?"

तळाशी बत्तिसावं पत्र होतं. हॉस्पिटलच्या कागदावर, अक्षर जरा वाकडं झालेलं. तिने ते तिथल्या कुणा आयाबाईकडून पेटीत टाकवून घेतलं असणार, या दोघांना पत्ता लागू दिला नव्हता. त्याला टाचणीने बेसवाल्याच्या यंदाच्या उत्तराचं कार्ड जोडलेलं होतं. पत्र मेकॅनिकने वाचलं, मग लेकीने वाचलं, आणि मग मेकॅनिकने दोन्ही जपून फाईलमध्ये ठेवलं.

मेळाव्याच्या दिवशी हॉल भरला होता. मेकॅनिक इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल काखेत धरून मागे बसला. डॉक्टरीणबाईंनी गाणाऱ्याचं वर्ष सांगितलं. एका मैदानात चाळीस हजार लोक, आणि मध्येच वीज गेली तर त्याने बिनमाईकचं गाऊन पूर्ण केलं. हॉलने टाळ्यांचा नुसता कडकडाट केला, मेकॅनिकनेही केला. बस ड्रायव्हरने गिटारवाल्याच्या नव्या सिनेमातला तुकडा तोंडाने वाजवून दाखवला. शाळामास्तरणीने ड्रमवाल्याच्या शाळेतल्या सगळ्यात धाकट्या शिष्येचा फोटो फिरवला. मग चौथी खुर्ची. डॉक्टरीणबाईंनी नुसतंच त्याच्याकडे बघितलं.

तो खुर्चीमागे जाऊन उभा राहिला. पाठीवर हात ठेवला तर ती हलत होती. त्याने ती उलटी केली, खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि एक पाय आवळला. खुर्ची सरळ ठेवून त्याने हलवून बघितली.

"मी लिफ्टचा माणूस," तो म्हणाला. "बोलता येत नाही. यांना दरवर्षी एकच प्रश्न विचारायचा असतो, हे मला ठाऊक नव्हतं. मी बारा विचारले. त्यांनी मोठ्या मनाने एक धरला." हॉल हसला. त्याने चव्वेचाळीस मुलं सांगितली, शिंक सांगितली, गिटारवरची धूळ पुसणारे पाहुणे सांगितले. मग काउंटरवेट म्हणजे काय ते सांगितलं, साध्या शब्दांत, नवीन पोराला समजावतात तसं. पुढे काही जोडलं नाही. पण पुढच्या रांगेत डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला.

"पण ही माझी बातमी झाली," तो म्हणाला. "यंदाचा खरा प्रश्न तिचाच आहे. आधीच पोचला होता." त्याने कागद उघडला. "ती लिहिते: 'पुढच्या वर्षापासून प्रश्न आमच्या ह्यांनी विचारला तर चालेल का? त्यांना एका वेळी एकच विचारायची सवय नाही, पण माणूस कामाला पक्का आहे.'"

त्याने पत्राची घडी घातली आणि कार्ड वर धरलं. त्यावर एकच शब्द होता. तो त्याच्याने वाचवेना, म्हणून त्याने कार्ड बस ड्रायव्हरच्या हातात दिलं.

"चालेल," ड्रायव्हरने वाचलं.

चौथी खुर्ची होती तिथेच राहिली. फाईल कुणाकडे ठेवायची हे कुणी विचारलंच नाही. ड्रायव्हर मात्र कार्ड परत देताना म्हणाला, "मग लिफ्टमन, पुढच्या वर्षीचा प्रश्न ठरला का?"

"लिफ्टमन नाही, मेकॅनिक. आणि एकच विचारायचाय, तर वर्ष लागणारच की."

शेवटी रिवाजाप्रमाणे त्यांनी पहिली रेकॉर्ड लावली आणि सगळे गायला उभे राहिले. मेकॅनिकला शब्द येत नव्हते. तो कोपऱ्यातल्या मोठ्या स्पीकरजवळ गेला आणि खोक्यावर तळहात ठेवून उभा राहिला. डॉक्टरीणबाई गाता गाता त्याच्याजवळ सरकल्या.

"काय भावोजी, येतोय का ऐकू बेस?"

"नाही," तो म्हणाला. "पण हाताला लागतोय."